मुहिद्दीन यासीन : जोहोरची नऊ वर्षे आणि पुत्रजयातील सतरा महिने

पश्चिमवारा (धागालेखक)

मलेशियाविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, ते बहुतेक दीर्घकाळ पंतप्रधान राहिलेले महाथीर मोहम्मद आणि त्यांचे एके काळचे उपपंतप्रधान अन्वर इब्राहिम यांच्या वैराभोवती फिरते. देशाचे आठवे पंतप्रधान मुहिद्दीन यासीन यांचा उल्लेख झालाच तर करोनाच्या निमित्ताने होतो आणि तेवढ्यावरच थांबतो. मलय राजकारणी राज्यातून केंद्रात कसा चढतो आणि वर पोहोचल्यावर कुठे अडखळतो, हे समजून घ्यायला त्यांच्या कारकिर्दीइतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही, म्हणून हा धागा.

मुहिद्दीन यांचा जन्म १९४७ साली जोहोर राज्यातील मुआर येथे झाला. वडील त्या भागातील धर्मपंडित होते. मलाया विद्यापीठातून १९७१ साली पदवी घेऊन ते जोहोर राज्याच्या प्रशासकीय सेवेत लागले आणि पुढे राज्याच्या आर्थिक विकास महामंडळात गेले. १९७८ साली पागोह मतदारसंघातून ते उम्नो या तेव्हाच्या सत्ताधारी मलय पक्षातर्फे संसदेत निवडून आले, केंद्रात उपमंत्री झाले आणि १९८६ साली राज्यात परत येऊन जोहोरचे मेंतेरी बेसार, म्हणजे मुख्यमंत्री झाले. ते पद त्यांनी १९९५ पर्यंत सांभाळले. त्यानंतर पुन्हा केंद्र : युवक व क्रीडा, देशांतर्गत व्यापार, कृषी, आंतरराष्ट्रीय व्यापार, मग २००९ पासून उपपंतप्रधानपद आणि शिक्षण खाते. २०१५ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान नजीब रझाक यांनी त्यांना मंत्रिमंडळातून काढले, २०१६ मध्ये पक्षातूनही हकालपट्टी झाली. २०१८ च्या सत्तांतरानंतर ते गृहमंत्री झाले आणि १ मार्च २०२० रोजी पंतप्रधान म्हणून पुत्रजया या प्रशासकीय राजधानीत पोहोचले. १६ ऑगस्ट २०२१ रोजी त्यांना राजीनामा द्यावा लागला.

माझे मत स्पष्टपणे मांडतो. जोहोरमध्ये त्यांच्या पाठीशी नेहमीच भक्कम बहुमत होते. तिथे त्यांनी कारभार हाकायला, फाइल पुढे सरकवायला आणि राजवाड्याशी जुळवून घ्यायला शिकून घेतले, परंतु सभागृहात एकेक मत जोडून सरकार टिकवण्याची वेळ तिथे कधी आलीच नाही. पंतप्रधान झाल्यावर नेमकी तीच एक गोष्ट त्यांना करायची होती, आणि तीच त्यांना जमली नाही. राज्याचा एवढा दीर्घ अनुभव असलेला नेता देशाच्या पातळीवर सतरा महिन्यांत का कोसळला, याचे उत्तर मला यात दिसते. जाणकारांनी सहमती किंवा मतभेद जरूर नोंदवावेत.

चौकस

विषय आवडला. एक मूलभूत शंका आहे. मेंतेरी बेसार आणि आपल्याकडील मुख्यमंत्री यांच्या नेमणुकीत फरक काय? सुलतानाला खरोखर निवडीचा अधिकार असतो, की आपल्या राज्यपालांप्रमाणे ती केवळ औपचारिकता असते?

पश्चिमवारा

चौकस, औपचारिकतेपेक्षा थोडे अधिक असते. मलेशियातील तेरा राज्यांपैकी नऊ राज्यांत वंशपरंपरागत मलय शासक आहेत आणि तेथील सरकारप्रमुखाला मेंतेरी बेसार म्हणतात. पेनांग, मलाक्का, साबा आणि सारावाक या चार राज्यांत शासक नाहीत, राज्यपाल आहेत. राज्याच्या सभागृहातील ज्या सदस्याला बहुमताचा पाठिंबा आहे असे शासकाला वाटते, त्याची तो नेमणूक करतो. हे शासकाचे स्वतःचे आकलन असते, त्यामुळे बहुमत काठावरचे असेल तर त्याच्या शब्दाला फार वजन येते. हेच नऊ शासक दर पाच वर्षांनी आपल्यातून एकाला देशाचा राजा, म्हणजे आगोंग, निवडतात आणि पंतप्रधानाच्या नेमणुकीतही तेच तत्त्व लागू होते. जमीन, जंगले आणि इस्लामी धर्मव्यवहार हे विषय राज्यांकडे आहेत. शिक्षण, पोलीस आणि आरोग्य केंद्राकडे आहेत. म्हणजे मेंतेरी बेसारच्या हाती सर्वांत मोठी शक्ती कोणती, तर जमीन.

केएलवासी

धागालेखकांनी मांडणी चांगली केली आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. मुहिद्दीन यांना नुसते कारभारी ठरवले की त्यांच्या कारकिर्दीतील दोन सर्वांत महत्त्वाचे क्षण नजरेआड होतात.

पहिला क्षण २००८ चा. मार्चच्या निवडणुकीत सत्ताधारी आघाडीने दोन तृतीयांश बहुमत गमावले आणि पाच राज्ये विरोधकांकडे गेली. पंतप्रधान अब्दुल्ला बदावी २०१० पर्यंत थांबून सूत्रे सोपवणार होते. त्यांच्याच मंत्रिमंडळात असताना, एवढा काळ थांबणे पक्षाला परवडणार नाही, असे मुहिद्दीन यांनी उघडपणे सांगितले. अब्दुल्ला एप्रिल २००९ मध्ये पायउतार झाले.

दुसरा क्षण जुलै २०१५ चा. १एमडीबी या सरकारी निधीतील पैशांविषयी गंभीर बातम्या येत होत्या आणि बहुतेक मंत्री तोंडाला कुलूप लावून बसले होते. उपपंतप्रधान असलेल्या मुहिद्दीन यांनी चेरास येथील पक्षाच्या सभेत नजीब यांच्याकडून खुलाशाची मागणी केली. दोनच दिवसांत, २८ जुलै रोजी, त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि त्याच दिवशी देशाचे महान्यायवादीही बदलले गेले. अडुसष्ट वर्षांचा, पंतप्रधानपदापासून एक पायरी दूर असलेला माणूस गप्प राहून वाट पाहू शकला असता. ते त्यांनी केले नाही आणि मी त्यांना त्याचे श्रेय देतो. महाथीर यांच्याबरोबर त्यांनी बर्सातू हा नवा पक्ष काढला नसता, तर १९५७ पासून सलग सत्तेत असलेली आघाडी २०१८ मध्ये हरली असती का, याविषयी मला दाट शंका आहे. ग्रामीण मलय मतदाराला उम्नोबाहेर पडायला उम्नोतूनच आलेले ओळखीचे चेहरे लागतात, आणि जोहोरमध्ये असा चेहरा मुहिद्दीन यांचाच होता.

फळ्यावरची_अक्षरे

मी शिक्षण क्षेत्रात काम करते, त्यामुळे २००९ ते २०१५ हा काळ मला अधिक महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर कुणी बोलत नाही याची खंत वाटते.

महाथीर यांनी २००३ पासून सरकारी शाळांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणे सुरू केले होते. शिक्षण खाते हाती येताच काही महिन्यांत, जुलै २००९ मध्ये, मुहिद्दीन यांनी हे धोरण टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. कारण असे दिले की खेड्यापाड्यांतील मुले मागे पडत आहेत आणि शिक्षकांनाच इंग्रजी पुरेसे येत नाही. महाथीर यांनी कडाडून विरोध केला. शहरातील पालकांनी निदान पर्याय तरी ठेवा अशी मागणी लावून धरली. मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि आज सेमी-इंग्रजीचा आग्रह रोज ऐकणाऱ्या माझ्यासारखीला हा वाद अगदी जवळचा वाटतो. इंग्रजीचा लाभ कुणाला मिळतो आणि त्यापायी गणितच हातून कुणाच्या निसटते, हा प्रश्न आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतही तितकाच खरा आहे. मी त्या निर्णयाच्या बाजूची आहे. मूल ज्या भाषेत विचार करते, त्या भाषेत त्याला अपूर्णांक समजला पाहिजे.

परंतु अंमलबजावणीत जी चूक झाली तीही सांगायला हवी. बदल करताना चालू वर्गांतील मुलांना मध्येच भाषा बदलावी लागू नये म्हणून वर्षे वाढवून दिली गेली, मात्र पालकांच्या मनातील अनिश्चितता अनेक वर्षे टिकून राहिली. मुहिद्दीन गेल्यावर २०१६ पासून काही शाळांना पुन्हा इंग्रजीतून हे विषय शिकवण्याची मुभा मिळाली. २०१३ ते २०२५ या काळासाठी त्यांनी आखलेला शिक्षणाचा मोठा आराखडा मात्र सरकारे बदलली तरी कामाचा आधार म्हणून टिकला. खात्यात बसून दीर्घ पल्ल्याची आखणी करणे त्यांना जमत होते, हे मान्य करावेच लागेल, आणि ही सवय त्यांना जोहोरमध्ये लागली असावी.

निर्मोही

फळ्यावरची_अक्षरे यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु त्यात एक बाजू आलेली नाही. हेच शिक्षणमंत्री २०१० साली, ‘मी आधी मलय आहे’ अशा अर्थाचे विधान करून मोकळे झाले होते. डीएपी या विरोधी पक्षाचे नेते लिम कित सियांग यांनी, तुम्ही आधी मलेशियन की आधी मलय, असा प्रश्न केला होता आणि त्याला हे उत्तर होते. आपण मलेशियन नाही असा याचा अर्थ होत नाही, असा खुलासाही त्यांनी केला. पण ज्या देशात चिनी आणि तमिळ माध्यमाच्या सरकारमान्य शाळा आहेत, त्या देशाच्या शिक्षणमंत्र्याच्या तोंडून हे वाक्य आल्यावर त्या शाळांतील मुलांच्या पालकांना काय वाटले असेल, याचा विचार व्हायला हवा. त्यांच्या प्रत्येक धोरणाकडे पुढे त्याच चष्म्यातून पाहिले गेले, आणि २०२० मध्ये बहुवांशिक आघाडी सोडून त्यांनी मलय पक्षांची मोट बांधली तेव्हा त्याला पुष्टीच मिळाली.

केएलवासी

निर्मोही, त्या विधानाचे समर्थन मी करणार नाही. परंतु हे वाक्य उम्नोतील कोणत्याही नेत्याने त्या काळी म्हटले असते. पक्षाची स्थापनाच १९४६ साली जोहोर बाहरू येथे मलय हक्कांच्या रक्षणासाठी झाली होती, आणि संस्थापक ओन जाफर यांनी जेव्हा पक्षाची दारे सर्व वंशांना खुली करण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांनाच पक्ष सोडावा लागला. ओन जाफर हेसुद्धा जोहोरचे मेंतेरी बेसार होते.

रिकामा_डबा

धागालेखकांना एक प्रश्न. नजीब रझाक हेसुद्धा मेंतेरी बेसार होते ना? १९८२ ते १९८६ या काळात पाहांग राज्याचे, तेही विशीच्या अखेरीस पद मिळाले. त्यांचे वडील अब्दुल रझाक यांनीही स्वातंत्र्यापूर्वी काही काळ पाहांगचा कारभार पाहिला होता. मग राज्याच्या अनुभवामुळे अमुक घडले किंवा बिघडले असा नियम कसा बांधणार? नजीब यांना सभागृहात बहुमताची चिंता कधीच पडली नाही, आणि ते वेगळ्याच कारणाने पडले.

तेब्राऊकाठ

मी सामुद्रधुनीच्या पलीकडे, सिंगापूरमध्ये बरीच वर्षे राहतो, त्यामुळे जोहोरच्या नऊ वर्षांविषयी लिहावेसे वाटते. केवळ ‘भक्कम बहुमत होते’ एवढ्यावर ती वर्षे मिटत नाहीत.

१९८६ ते १९९५ हा जोहोर बदलण्याचा काळ होता. सिंगापूरमध्ये जमीन आणि मजूर महागले आणि कारखाने पुलाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे सरकू लागले. १९८९ साली सिंगापूर, जोहोर आणि इंडोनेशियाची रिआऊ बेटे मिळून आर्थिक त्रिकोण उभा करण्याची कल्पना पुढे आली. पैसा आणि बाजारपेठ सिंगापूरची, जमीन जोहोरची, असा तो हिशेब होता, आणि जमीन राज्याच्या अखत्यारीत असल्यामुळे क्वालालंपूरपेक्षा जोहोर बाहरूच्या सचिवालयात काय ठरते याला जास्त महत्त्व आले. महामंडळातील जुना अनुभव मुहिद्दीन यांना इथे कामी आला.

पाण्याचेही तसेच. १९६२ च्या कराराला पूरक असा करार १९९० मध्ये जोहोर सरकार आणि सिंगापूरचे पाणीपुरवठा मंडळ यांच्यात झाला, आणि त्यातून जोहोर नदीच्या वरच्या खोऱ्यात लिंग्यू धरण उभे राहिले. बांधायचा खर्च सिंगापूरचा, जंगलाची जमीन जोहोरची. दोन्ही करार २०६१ पर्यंत चालतील. आमच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा काही भाग त्या खोऱ्यातून येतो, म्हणून कोरड्या वर्षी लिंग्यूची पातळी किती खाली गेली हे इथल्या वर्तमानपत्रात छापून येते. तुआसकडे जाणारा दुसरा पूल १९९८ मध्ये खुला झाला, पण त्याची बोलणी आणि जमिनीची तजवीज याच काळातील आहे.

सांगायचे हे की शेजारच्या देशाशी थेट व्यवहार करणारा मुख्यमंत्री आशियात फारसा सापडत नाही. या अनुभवाला नुसते ‘फाइल पुढे सरकवणे’ म्हणणे अन्यायाचे आहे.

पश्चिमवारा

तेब्राऊकाठ, या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. फाइल सरकवण्याला मी कमी लेखत नाही. तुमच्या माहितीत आणखी एक भर घालतो, कारण ती माझ्या मुद्द्याला थेट भिडते. १९८७ साली उम्नोत उभी फूट पडली आणि १९८८ मध्ये शाहरीर समद यांनी जोहोर बाहरूच्या लोकसभेच्या जागेचा राजीनामा देऊन महाथीर यांच्या निषेधार्थ अपक्ष म्हणून पोटनिवडणूक लढवली. मुहिद्दीन मेंतेरी बेसार असताना, पक्षाच्या जन्मगावी, उम्नोचा उमेदवार मोठ्या फरकाने हरला. काही आठवड्यांनी पारित राजा येथील राज्य विधानसभेची पोटनिवडणूक पक्षाने कशीबशी जिंकली. पुढे दुरावलेल्या नेत्यांना हळूहळू परत आणून जोहोर पुन्हा उम्नोचा बालेकिल्ला झाला. या पडझडीतून ते शिकले ते असे, की फूट पडली तर आतल्या गोटात समजुती घालाव्यात, पदे द्यावीत, वाट पाहावी. सभागृहात खुली लढत देऊन बहुमत सिद्ध करणे हे त्या शिक्षणात नव्हते. २०२० मध्ये त्यांनी जवळपास सत्तर जणांचे जंबो मंत्रिमंडळ केले, त्यात मला हीच पद्धत दिसते.

शुक्रतारा

विषयांतर होणार नाही अशा बेताने एक आठवण. १९९८ च्या सप्टेंबरात क्वालालंपूरला राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा झाल्या, त्या वेळी क्रीडामंत्री मुहिद्दीन होते. स्पर्धेत क्रिकेटचा समावेश झाला तो प्रथमच, आणि भारताच्या संघात सचिन तेंडुलकर होता, म्हणून ती स्पर्धा आम्ही घरी डोळ्यांत तेल घालून पाहिली होती. त्याच महिन्याच्या २ तारखेला अन्वर यांना मंत्रिमंडळातून काढले आणि स्पर्धा संपता संपता, २० तारखेला, अटक झाली. १९९३ च्या पक्षनिवडणुकीत अन्वर यांच्या गटातून उपाध्यक्ष झालेले मुहिद्दीन या वेळी महाथीर यांच्याबरोबर राहिले. स्टेडियमचे दिवे आणि रस्त्यावरचे मोर्चे एकाच शहरात, एकाच आठवड्यात. तो महिना क्रीडामंत्र्याने कसा काढला असेल, याचे मला आजही कुतूहल वाटते.

कलम_३६५

मी वकिली करतो. धागालेखकांनी प्रश्नाच्या मुळाशी हात घातला आहे, पण उत्तर व्यक्तीत शोधण्याऐवजी कायद्यात शोधावे असे सुचवतो.

बहुमत कुठे मोजायचे? आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या बोम्मई निकालाने १९९४ साली हे निःसंदिग्ध केले की त्याची जागा सभागृह आहे. मलेशियात इतिहास वेगळा आहे. २००९ मध्ये पेराक राज्यात तीन आमदार सत्ताधारी बाजू सोडून गेले. मेंतेरी बेसार निझार जमालुद्दीन यांनी विधानसभा बरखास्त करण्याची विनंती केली, सुलतानांनी ती नाकारली, आमदारांना भेटून स्वतःची खात्री करून घेतली आणि झाम्ब्री अब्दुल कादिर यांची नेमणूक केली. सर्वोच्च पातळीवरील फेडरल कोर्टाने २०१० मध्ये हे वैध ठरवले. सभागृहात मतदान न होताही बहुमत गेले असे मानता येते, असा तो निकाल आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये जे घडले ते याच वाटेने घडले. पेतालिंग जया येथील शेरेटन हॉटेलात फुटीर खासदारांची आणि विरोधकांची बैठक झाली, दुसऱ्या दिवशी महाथीर यांनी राजीनामा दिला, राजांनी खासदारांना राजवाड्यात बोलावून पाठिंबा कुणाला ते विचारले आणि अखेर मुहिद्दीन यांना शपथ दिली. जे राज्यात मान्य झाले होते ते देशाच्या पातळीवर वापरले गेले. राज्यांतील अनुभव पुत्रजयात पोहोचतो तो असाही. विशेष म्हणजे त्याच दिवसांत जोहोरचे सरकारही बदलले, आणि तिथे मुहिद्दीन स्वतः गांबिर मतदारसंघाचे आमदार होते. २०१८ मध्ये ते खासदार आणि आमदार अशा दोन्ही जागांवर निवडून आले होते, कारण तिथे दोन्ही पदे एकाच वेळी भूषवता येतात.

आपल्याकडे पक्षांतरबंदी कायदा १९८५ पासून आहे. तो किती परिणामकारक आहे याचा अनुभव महाराष्ट्राने अलीकडेच घेतला आहे, त्यामुळे आपण कुणाला धडे देण्याच्या स्थितीत नाही. परंतु सभागृहात मतदान झालेच पाहिजे, हे तत्त्व निदान आपल्याकडे कुणी नाकारत नाही.

चौकस

कलम_३६५, हा प्रतिसाद वाचून बरेच उलगडले. मग २०२० मध्ये त्यांनी सभागृहाला सामोरे जायला किती वेळ घेतला?

कलम_३६५

१८ मे २०२० रोजी अधिवेशन झाले ते एका दिवसाचे, आणि त्यात राजांच्या अभिभाषणाखेरीज काही कामकाज ठेवले नाही. जुलैमध्ये सभापती बदलण्याचा ठराव १११ विरुद्ध १०९ मतांनी संमत झाला. डिसेंबरमध्ये अर्थसंकल्पाचे तिसरे वाचन १११ विरुद्ध १०८. सभागृह २२२ जणांचे आहे, म्हणजे निम्म्यापेक्षा एक मतही जास्त त्यांना दाखवता आले नाही. विश्वासदर्शक ठराव असा कधी आलाच नाही.

पांढरा_पडदा

२०२० आणि २०२१ ही दोन्ही वर्षे मी क्वालालंपूरच्या उपनगरात, उंच इमारतींच्या वसाहतीत काढली, म्हणून जे पाहिले ते लिहितो.

मार्च २०२० मध्ये संचारबंदी लागली तेव्हा लोकांना या पंतप्रधानांचा आधार वाटला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ते दूरदर्शनवर येत, शांतपणे, घरातल्या वडीलधाऱ्याच्या स्वरात बोलत, आणि लोक त्यांना ‘आबाह’, म्हणजे बाबा, म्हणू लागले. २५० अब्ज रिंगिटची (मलेशियाचे चलन) मदत जाहीर करताना त्यांनी केळ्याची भजी विकणाऱ्या माकचिक किआह या काल्पनिक बाईच्या घरखर्चाचा हिशेब मांडून दाखवला. माझ्या शेजारच्या मलय आजींना तो हिशेब एका दमात समजला, अर्थमंत्र्यांच्या तक्त्यांतून तो कधी समजला नसता. कर्जाचे हप्ते सहा महिने थांबले, त्याने कित्येक घरे सावरली.

सव्वा वर्षाने चित्र पालटले. सप्टेंबर २०२० च्या साबा राज्यातील निवडणुकीनंतर साथ पुन्हा पसरली. जून २०२१ पासून पुन्हा कडक टाळेबंदी लागली आणि जुलैमध्ये आमच्या समोरच्या स्वस्त घरकुलांच्या इमारतीत खिडक्यांना पांढरी कापडे दिसू लागली. ज्याच्या घरात शिधा संपला त्याने पांढरे कापड लावावे, अशी ती लोकांनीच सुरू केलेली मोहीम होती. सातव्या मजल्यावर कुणी जुना टी-शर्ट काठीला बांधला होता, एका खिडकीत उशीचा अभ्रा होता. आमच्या वसाहतीतील तरुण तांदूळ, अंडी आणि दुधाची भुकटी घेऊन जात आणि कापड खाली उतरले की पुढच्या दाराकडे वळत. त्याच आठवड्यांत संसद बंद होती, कारण १२ जानेवारीपासून देशात आणीबाणी होती. ज्या गरिबांच्या नावाने आणीबाणी आणली, त्यांचा आवाज उठवायला त्यांचा खासदार सभागृहात जाऊ शकत नव्हता. हे मला तेव्हा सहन होत नव्हते आणि आजही होत नाही. ऑगस्टमध्ये रोजचे बाधित वीस हजारांच्या वर गेले आणि मृतांची संख्या बारा हजारांच्या पलीकडे.

लसीकरण मात्र त्या काळात वेगाने झाले, हेही नोंदवतो. ते श्रेय त्यांच्या सरकारला जाते.

निर्मोही

पांढरा_पडदा, हे लिहिलेत ते फार बरे केले.

सुलभा_वाचक

मला या सगळ्यात राजवाड्याचा धागा सर्वांत ठळक दिसतो. धागालेखक म्हणतात की जोहोरमध्ये ते राजवाड्याशी जुळवून घ्यायला शिकले. क्रमाने पाहू.

१९९२-९३ मध्ये जोहोरच्या राजघराण्याशी संबंधित मारहाणीच्या प्रकरणांवरून महाथीर यांनी घटनादुरुस्ती करून शासकांचे कायदेशीर संरक्षण काढून घेतले. एकीकडे पक्षाचे पंतप्रधान, दुसरीकडे आपली नेमणूक करणारे सुलतान इस्कंदर, अशा कात्रीत सापडलेला मेंतेरी बेसार १९९५ पर्यंत पदावर टिकला, हे कौशल्यच म्हटले पाहिजे. मार्च २०२० मध्ये राजांच्या आकलनामुळेच त्यांना पंतप्रधानपद मिळाले. परंतु ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी आणीबाणीची विनंती केली तेव्हा राजांनी ती नाकारली, जानेवारीत मान्य केली, आणि जुलै २०२१ मध्ये आणीबाणीचे अध्यादेश आमच्या संमतीशिवाय रद्द झाल्याचे संसदेत सांगितले गेले, अशी उघड नाराजी राजवाड्याने पत्रक काढून व्यक्त केली. नोव्हेंबर २०२२ च्या त्रिशंकू निकालानंतर अन्वर यांच्याबरोबर एकत्र सरकार करावे हा राजांचा प्रस्ताव मुहिद्दीन यांनी नाकारला, आणि अन्वर पंतप्रधान झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये पोटनिवडणुकीच्या एका सभेतील भाषणात त्यांनी याच माजी राजांविषयी केलेल्या विधानांवरून त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला. त्यांनी तो नाकारला आहे.

राजवाड्याच्या विश्वासावर उभी राहिलेली सत्ता त्या विश्वासाला तडा गेल्यावर टिकली नाही. जोहोरमध्ये सुलतान आणि पक्ष हे दोन खांब होते, एक डळमळला तर दुसरा होता. २०२१ मध्ये दुसरा खांब म्हणजे उम्नो, आणि तोही काढून घेतला गेला.

रिकामा_डबा

त्यांच्यावरील सत्तेच्या गैरवापराच्या खटल्याचा उल्लेख कुणी केला नाही. मार्च २०२३ मध्ये, करोनाकाळातील बुमिपुत्र, म्हणजे मलय आणि मूलनिवासी, कंत्राटदारांसाठीच्या योजनेसंदर्भात आरोप ठेवले गेले. उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये सत्तेच्या गैरवापराच्या चार आरोपांतून मुक्त केले, अपील न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते आरोप पुन्हा कायम केले. कारकिर्दीची चर्चा करताना एवढे तरी नोंदले पाहिजे.

पश्चिमवारा

रिकामा_डबा, नोंद योग्य आहे, आणि दोष सिद्ध होईपर्यंत त्यावर मत देणे मी टाळले होते. नजीब यांच्याविषयीच्या तुमच्या आधीच्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. नजीब पाहांगमध्ये चार वर्षे होते आणि पुढे केंद्रात आले तेव्हा पक्षाचे बहुमत शाबूत होते, त्यामुळे त्यांची ती परीक्षा झालीच नाही. मुहिद्दीन यांची झाली. म्हणून नियम बांधण्याचा माझा आग्रह नाही, या एका माणसाविषयीच मी बोलतो आहे.

सुलभा_वाचक यांनी दाखवलेला दोन खांबांचा मुद्दा माझ्या मूळ मांडणीपेक्षा अधिक नेमका आहे. कलम_३६५ यांना विचारतो : १३ ऑगस्ट २०२१ रोजी, राजीनाम्याच्या तीन दिवस आधी, त्यांनी विरोधकांपुढे जो प्रस्ताव ठेवला, त्याकडे तुम्ही कसे पाहता?

कलम_३६५

त्यांनी देऊ केले होते ते असे : पंतप्रधानपदाला दहा वर्षांची मर्यादा, पक्षांतरबंदीचा कायदा, विरोधी खासदारांना समान निधी, अठराव्या वर्षी मतदानाची अंमलबजावणी. बदल्यात विश्वासदर्शक ठरावावर पाठिंबा. विरोधकांनी तो झिडकारला, कारण सरकार पडणार हे दिसत असताना आलेल्या प्रस्तावावर कुणी विश्वास ठेवत नाही. मात्र महिन्याभरातच, १३ सप्टेंबरला, त्यांच्या जागी आलेल्या इस्माईल साब्री यांनी जवळपास त्याच कलमांवर पाकातान हारापान या विरोधी आघाडीशी लेखी करार केला आणि त्यांचे सरकार पुढच्या निवडणुकीपर्यंत चालले. पक्षांतरबंदीची घटनादुरुस्ती ऑक्टोबर २०२२ पासून अमलात आली.

म्हणजे तडजोडीचा मसुदा बरोबर होता. तो मार्च किंवा मे २०२० मध्ये, लोक त्यांना आबाह म्हणत असताना, संसदेसमोर ठेवला असता तर विरोधकांना नाही म्हणणे अवघड गेले असते, असे माझे मत आहे.

केएलवासी

कलम_३६५, त्या वसंतात विरोधकांच्या मनात फसवणुकीचा राग ताजा होता, त्यामुळे त्यांनी तेव्हाही होकार दिला असता असे मला वाटत नाही. परंतु विचारायला हवे होते, एवढे मी मान्य करतो. २०२२ च्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीने सत्तरहून अधिक जागा जिंकल्या आणि पागोहने त्यांना पुन्हा निवडून दिले. मलय मतदाराने त्यांना नाकारले नव्हते. पाठिंबा मागायला संसदेत जाण्याइतका विश्वास त्यांनाच त्या मतदारावर आधी वाटायला हवा होता.